मशीन मावशीच्या मागं

फर्दापूरला जाऊन अजिंठा न पाहता परत आलेली बाई म्हणून सध्या चिपळुणात माझी ख्याती आहे. शेजारच्या काकूंनी तर कपाळावर हात मारून घेतला. "अगं, लेणी तिथून हाकेच्या अंतरावर! जग येतं बघायला!" येऊ दे बापडं. मी लेण्यांसाठी गेलेच नव्हते. मी गेले होते एका हळदीला, तीही अशा माणसांकडे, ज्यांच्यापैकी एकीलाच मी ओळखत होते आणि तिलाही आजवर फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं होतं.

मी इलेक्ट्रॉनिक संगीत करते. कीबोर्ड, लॅपटॉप आणि बटणांची एक पेटी. कार्यक्रमात मी जे वाजवते, त्यातलं बरंचसं घरीच तयार करून नेलेलं असतं. तिथं जाऊन ते सोडायचं, वर थोडं काही वाजवायचं, लोक खूश, आपण खूश. यात मला कधी काही गैर वाटलं नाही. महिनाभर घासूनपुसून केलेली गोष्ट चारचौघांत विस्कटून दाखवायची हौस मला नाही. शिवाय मी ऑनलाइन शिकवते, आणि विद्यार्थ्यांनाही हेच सांगते.

हे न ऐकणारी एकुलती एक विद्यार्थिनी म्हणजे वैशाली. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात दिवसभर सुटे भाग तपासते आणि संध्याकाळी ऑक्टापॅड बडवते. ऑक्टापॅड म्हणजे रबरी चौकटींची पाटी. काठीनं मारलं की ढोलकी, हलगी, टाळ, हवा तो आवाज निघतो. दर तासाला तिचं एकच टुमणं असायचं. "पन मॅडम, समोरचं मानूस थांबलं तर आपलं मशीन कसं थांबंल?" मी म्हणायचे, समोरच्याला सांगावं, थांबू नकोस.

जानेवारीत तिचा फोन आला. "मॅडम, मामेबहिणीची हळद हाय फर्दापूरला. तुमाला यायलाच लागतंय." तिच्या प्रल्हादमामाची साउंडची गाडी आहे. सिल्लोडपासून सोयगावपर्यंत लग्नात तीच वाजते, आणि वाजतो तो पेनड्राईव्ह. मामानं भाचीला एकच संधी दिली होती. घरच्या हळदीत हातानं वाजवून दाखव; जमलं तर पुढच्या लग्नांना गाडीवर तू, नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मी लॅपटॉपमध्ये एक तयार सेट भरून, तो मांडीवर घेऊनच एसटीत बसले. पोरीचं हसं होऊ नये, एवढाच हेतू.

चिकलठाणा

उतरल्या उतरल्या रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर कू जाना बाजी?" माझ्या पेटाऱ्याकडे बघून म्हणाला, "शादी है क्या?" म्हटलं, हळद. "तो फिर खलिया खाके जाओ, हल्दी में नहीं मिलेगा." वैशाली आणायला आली होती, ती हसली आणि आम्ही खरंच आधी नान-खलिया खाल्ला. मटणाचा लालभडक रस्सा आणि त्यावर दोन्ही हातांत न मावणारी पिवळी नान. आमच्याकडच्या माशाच्या कालवणाशी इमान राखून सांगते, मी परत रस्सा मागितला.

वैशालीचं घर कारखान्यांच्या मागच्या नव्या वसाहतीत. दारातच तिच्या आईनं "जयभीम, या" म्हणून हातातली पेटी काढून घेतली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टीपॉयवर ऑक्टापॅड, त्यावर क्रोशाचा रुमाल. जेवायला ज्वारीची भाकरी, वांगं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. सवयीनं मी विचारलं, थोडा भात आहे का? माउली घाबरली. "भात? काहून? बरं वाटत नाय का तुमाला?" आमच्याकडे ज्याला भात जात नाही तो आजारी, इथं जो भात मागतो तो. तिनं खरंच कुकर लावला, वर माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव ठरला होता. मी लॅपटॉप उघडते न उघडते तोच गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलं वो!" झालं! पाच मिनिटांत घर युद्धभूमी. टाकी, पिंपं, कळशा, कुकरचं भांडं, आंघोळीचा टब. या शहरात नळाला पाणी येणं हा सण असतो आणि तो कितीतरी दिवसांनी येतो. मी कोकणातली, आमच्याकडे पाणी कौलांवरून, भिंतींतून, नको तिथून येतं. माझ्या हातात एक पाइप देण्यात आला आणि सांगण्यात आलं, "हलायचं नाय." मी हलले नाही. सराव गेला पाण्यात.

तिथं पाइप धरून उभी असतानाच वैशालीच्या आईनं मला घरातली खरी गोष्ट सांगितली. ती तिघं भावंडं. सगळ्यांत थोरली कौसाआक्का, कन्नडला दिलेली, मग वैशालीची आई, धाकटा प्रल्हाद, म्हणजे घरातला पल्ल्या. त्यांच्या घराण्यात हळदीची गाणी आक्कानं म्हणायची, हा शिरस्ता. पहिली ओवी बाबासाहेबांना, मग गाणारीच्या आईबापाला, मग एकेका नातलगाचं नाव घेऊन एकेक ओवी. कुणी गाळायचं नाही. मांडवात कुणी उशिरा आलं तरी त्याचं नाव गाण्यात यायलाच हवं, नाहीतर ते माणूस वर्षभर रुसतं.

"मंग आक्काच्या पोराच्या लग्नात पल्ल्यानं लई हौसेनं तिचं गाणं आधीच भरून घेतलं, म्युझिक लावून, पेनड्राईव्हमधी," आई म्हणाली. "हळदीत ती त्याच्यासंगं म्हनत व्हती. तेवढ्यात तिची नणंद आली मांडवात. आक्का थांबली, तिचं नाव घ्यायला. पेनड्राईव्ह थांबतो का? ते गाणं गेलं पुढं, संपलं, आन् लगेच दुसरं, नाचायचं, धडाम् धडाम्! पोरं घुसली बायांमधी नाचत. आक्का तशीच, हातात माईक, तोंड उघडं. लोक हसले वो."

"मग?"

"मंग काय! पल्ल्या म्हनला, पेनड्राईव्हनं केलं, म्या काय केलं? त्या दिवसापासून ती त्याच्या उंबऱ्याला पाय लावीना. आता त्याच्या लेकीचं लगीन हाय आन् आत्याच नाय मांडवात. पल्ल्या वरून हसतो, आतून कुढतो. पन माफी मागंल तर तो पल्ल्या कसला!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वैशालीला मामाच्या गाडीवर वाजवायचं होतंच. पण त्याहून जास्त तिला थोरल्या मावशीला परत आणायचं होतं. आणि मी शहाणी, पिशवीत काय घेऊन आले होते? गाणं आधीच भरलेला तयार सेट. वैशालीनं फोनवर पाठवलेल्या तिच्या आईच्या आवाजात, सगळी नावं बसवून. फक्त कौसाआक्काचं नाव त्यात नव्हतं, कारण ती येणार नाही हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. पाइपातून पाणी पायावर सांडलं आणि आई ओरडली, "अवो मॅडम, टब, टब!"

कन्नड

त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मावशीला बोलवायला कन्नडला गेलो. आठवडी बाजाराचा दिवस. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक, आणि त्यांच्यामागे लटकून ऊस उपसणारी शाळेतली पोरं. बाजारात हरभऱ्याचे हिरवेगार ढाळे, बोरं, लसणाचे ढीग. एका शेतकऱ्यानं आम्हाला कोवळ्या ज्वारीचा हुरडा तळहातावर चोळून दिला, सोबत शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात, मडक्यात वाल भाजून. मला वाटायचं त्याच्यापुढे काही नाही. हुरड्यानं मला विचारात पाडलं.

कौसामावशी बाजारात लसूण-मिरची घेऊन बसली होती. उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं, नाकात मोठी चमकी, आणि आवाज असा की पलीकडच्या भांडीवाल्यालाही भाव कळावा. वैशालीला बघून तिचा चेहरा उजळला. हळदीचं नाव काढताच मिटला.

"म्या नाय येनार. तुह्या मामाला सांग, पेनड्राईव्हला हळद लाव म्हनावं."

"मावशी, पेनड्राईव्ह नाय. म्या वाजवनार हाय. तू थांबली तर मी थांबन."

"मशीन कुटं थांबत असतंय का?" मावशी माझ्याकडे वळली. "ही कोन?"

"माह्या मॅडम. चिपळूणच्या."

"व्हय का? मंग चिपळूणवाले, तू सांग. मशीन माह्या मागं येतं का मी मशीनच्या मागं जायाचं?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. म्हटलं, "आजवर तरी माणूसच मशीनच्या मागं गेलंय." वैशालीनं मला असा चिमटा काढला म्हणता! मग तिनं शेजारचा रिकामा तेलाचा डबा ओढला, उपडा घातला आणि म्हणाली, "मावशी, म्हन एक. इथंच."

भर बाजारात मावशीनं सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरीच्या मध्यात गिऱ्हाईक आलं. "पावशेर का अर्धा?" मावशीनं लसूण तोलला, वर चार पाकळ्या टाकल्या, पिशवीत घातला आणि ओळ जिथं सोडली होती तिथून उचलली. वैशालीची बोटं डब्यावर नुसती थबकून होती. ओळ उचलली तशी तीही उचलली. मावशीनं भुवई वर केली. मग तिनं मुद्दाम चाल लांबवली, मध्येच एका पोराला शिवी हासडली, मध्येच पदर सावरला. वैशाली डोळे तिच्या तोंडावरून हलवीना.

माझ्या पिशवीत बॅटरीवर चालणारा हातभर कीबोर्ड होता. राहवलं नाही, काढला आणि तिचा सूर धरून ठेवला. पण पुढची ओवी बाईसाहेबांनी चढवून घेतली आणि मी खालीच राहिले. काय तो बेसूर! मिरचीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"चिपळूणवाले, माह्या तोंडाकडं बघ. त्या पेटीकडं काय बघती, ती गानारंय का?"

इतकी वर्षं मी पडद्याकडे बघून वाजवते आहे. पडद्यावर सगळं आखलेलं असतं, पुढचा कप्पा कुठला ते आधीच दिसतं. इथं आखलेलं काहीच नव्हतं. मी तोंडाकडे बघितलं. वर चढण्याआधी मावशी हनुवटी किंचित उचलते, हे मला तिसऱ्या खेपेला दिसलं, आणि चौथ्या खेपेला मी तिच्याबरोबर वर गेले. सांगते ना, अंगावर काटा आला. भरबाजारात, लसणाच्या टरफलांत बसून, मला पहिल्यांदा पेटी वाजवल्यासारखा आनंद झाला.

"जमतंय," मावशी म्हणाली. पण येणार का म्हणून विचारल्यावर तराजू पुसायला लागली. "बघू. मिरची खपली तर." आम्हाला किलोभर लसूण मात्र बांधून दिला.

फर्दापूर

अजिंठ्याचा घाट उतरलं की फर्दापूर. पर्यटकांच्या गाड्या, दगडी मण्यांच्या माळा विकणारे, आणि त्यांच्यामधून वाट काढत आलेली प्रल्हादमामाची साउंडची गाडी. मामा स्वागताला दिलदार. त्यानं मला मांडवातली सगळ्यात चांगली खुर्ची दिली, उन्हात चहा दिला, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमचा तयार सेट द्या की माह्याकडं. पोरगी अडकली तर मी लावून देतो. आपलीच लेक हाय, हसं नको व्हायला."

हे तर माझंच वाक्य! त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतकं वाईट वाटेल, असं वाटलं नव्हतं. पण वाद कुठं घालणार? मी पेनड्राईव्ह दिला. त्यानं तो गाडीतल्या साउंडच्या मिक्सरला खोचला आणि बोट बटणाजवळ ठेवून उभा राहिला, दिवसभर तिथून हलला नाही. हे मी वैशालीला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी फक्त रेकॉर्डिंगचं बटण दाबा, आन् सूर धरा."

ऊन कलायला लागलं तशी हळद सुरू झाली. नवरीला पाटावर बसवलं, वैशालीच्या आईनं माईक घेतला. बाबासाहेबांची ओवी झाली, आईबापाची झाली. ती मेहनतीनं म्हणत होती, पण तिचं लक्ष सारखं रस्त्याकडे. बायाही अर्ध्या मनानं साथ देत होत्या. नवरीच्या पाटाशेजारी आत्यासाठी ठेवलेली जागा रिकामी, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला एक जीप थांबली. मिरच्यांचं रिकामं पोतं खांद्यावर टाकून खाली उतरली कौसामावशी. नवरी हळदीच्या अंगानं पाटावरून उठली, धावत गेली आणि आत्याच्या नव्याकोऱ्या लुगड्याला मिठी मारली. वैशालीच्या आईनं माईक पुढे केला.

मावशीनं आमच्याकडे बघितलंही नाही. सरळ म्हणायला लागली. वैशाली पाठोपाठ, मी हनुवटीकडे बघत सुरात. नवरीची ओवी झाली, जावयाची झाली, वैशालीच्या आईची झाली. उशिरा आलेला एक चुलता दारात दिसला, मावशी थांबली, त्याला विचारलं, "बायको कुटंय?" आणि दोघांची मिळून एक ओवी घातली. मांडव हसला, वैशालीनं त्या हसण्यावर हलगीचा एक तुकडा मारला. बाया आता सरसावून बसल्या होत्या.

आणि मग मावशी थांबली. गिऱ्हाईक नव्हतं, उशिरा आलेलं कुणी नव्हतं. ती नुसती थांबली. नात्यातली सगळी नावं झाली होती, एकच राहिलं होतं, हे मांडवातल्या प्रत्येकाला कळलं. वैशालीनं एका बोटानं अगदी हलका ठेका तेवढा जिवंत ठेवला. मी सूर धरून. माझी बोटं दुखायला लागली तरी ती थांबलेलीच.

मिक्सरपाशी मामाच्या कपाळावर घाम. त्याला वाटलं असणार, झालं, मशीन अडकलं, पोरीची फजिती झाली. त्याचा हात बटणाकडे गेला. मला ओरडायचं होतं. पण दोन्ही हात पट्ट्यांवर, आणि ओरडले तर सूर मोडणार. वैशालीनं मान वर केली, तिलाही तो हात दिसला. पण ठेका तिनं सोडला नाही. मावशी त्या हाताकडेच बघत होती. तिची हनुवटी किंचित वर गेली.

*"हळद लावता लावता, माह्या पदराला डाग,*
*बंधू प्रल्हाद माझा, त्याचा सोडला म्या राग."*

मामाचा हात हवेतच राहिला. मग त्यानं तो खाली आणला, पेनड्राईव्ह उपटून खिशात घातला आणि मिक्सरच्या मागे खाली बसला. दिसेनासा झाला. मोठमोठ्या स्पीकरांचा तो मालक तिथं हमसून रडत होता, हे बायकांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मावशीनं तीच ओवी पुन्हा घेतली, यावेळी अख्ख्या मांडवानं म्हटली. दुसऱ्यांदा ती वेगळीच झाली, जरा ठसक्यात, आणि वैशालीनं तिला ढोलकी दिली. मी रडत होते का? होते. वाजवत होते का? तेही.

पुढे पंगत बसली. येसरची आमटी, लग्नघरची म्हणून खास, भाजलेल्या धान्याच्या पिठाची, दाट आणि झणझणीत. मी भात मागितला नाही, भाकरी चुरून खाल्ली. मामा तोंड धुऊन आला आणि वैशालीपुढे उभा राहिला.

"पोरी, जमलं बरं का. ते मघाचं सगळं पेनड्राईव्हमधी भरून दे. पुढच्या लग्नाला जसंच्या तसं वाजवू."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं. रेकॉर्डिंगचं बटण मी दाबलंच नव्हतं! मला मोकळे हात होते कुठं? मी तसं सांगितलं, शरमेनं. मामाचा चेहरा पडला. वैशाली मात्र खळखळून हसली.

"ऱ्हाऊ द्या मामा. कॉपी नाय. आमीच येऊ."

"आमी म्हंजी कोन?"

"मी, आन् मावशी. ती नाय तर मी बी नाय. पन तिला तुमी इचारायचं. मी नाय इचारनार."

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला मावशी मांडी घालून बसली होती, बोटांना हळद तशीच. त्यानं वाढप्याच्या हातातून आमटीची बादली घेतली आणि पंगतीतून चालत गेला. इतकी वर्षं न ओलांडलेलं अंतर, आणि दोन्ही बाजूंच्या बाया घास हातात धरून बघतायत. तिच्यापुढे तो वाकला. आवाज इतका बारीक की स्पीकर लावायची वेळ यावी.

"आक्का, जालन्याला एक लगीन हाय. त्याच्याफुडं भोकरदनला. येशील का माह्या गाडीवर?"

मावशीनं वर बघितलं नाही. वाटी फक्त पुढे सरकवली.

"आदी वाढ," ती म्हणाली. "मंग तारखा सांग."